कोऱ्या कागदावरचं एटापल्ली

मार्च महिन्यात एटापल्लीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. मुंबईत तेव्हा अजून अर्धा तास ऊन असतं. त्यामुळे टीव्हीवर मुंबईची अजान ऐकून इथं रोजा सोडायचा म्हटलं तर अर्धा तास उगाच उपाशी बसावं लागेल. मोबाइलमधल्या वेळापत्रकाचीही तीच गत. यादीत एटापल्ली सापडेलच असं नाही. मग कुणी गडचिरोली निवडतं, कुणी चंद्रपूर. चंद्रपूरची वेळ लावली तर जवळपास चार मिनिटांचा फरक पडतो. इफ्तारला तो चालून जातो, पण सेहरीला चालत नाही. इथली पहाट चंद्रपूरच्या आधी उजाडते.

गोष्ट चार मिनिटांची आहे, पण तिच्यात एका मोठ्या प्रश्नाचं टोक आहे. एखादं गाव कुणाच्या घड्याळावर चालतं आणि कुणाच्या नकाशावर दिसतं? गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं, जंगलानं वेढलेलं हे तालुक्याचं ठिकाण २०१५ साली ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालं. कागदोपत्री ते आता शहर आहे. सतरा प्रभाग, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, मालमत्ता कर, सगळं आलं. पण शहर म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्याला विचारलं तर प्रत्येकाकडून वेगळंच उत्तर येतं.

हे विचारून बघण्याची एक साधी पद्धत आहे. केविन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकारानं ती वापरली. बोस्टनमधल्या सुमारे तीस आणि जर्सी सिटी व लॉस एंजेलिसमधल्या प्रत्येकी पंधरा माणसांशी तो आणि त्याचे सहकारी सविस्तर बोलले. तुमच्या शहराचा नकाशा आठवणीतून काढा, घरून कामावर कसे जाता ते सांगा, वाटेत काय काय दिसतं ते सांगा, असे ते प्रश्न होते. १९६० साली त्याचं पुस्तक आलं. माणूस शहर लक्षात ठेवतो ते पाच गोष्टींच्या आधारानं, असं त्यानं मांडलं: वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणा. नगररचना शिकणारे विद्यार्थी आजही हे पाच शब्द पाठ करतात. पण त्या पुस्तकातली सगळ्यात बोलकी गोष्ट जर्सी सिटीची आहे. तिथल्या लोकांना आपल्या शहरातली ठळक खूण पटकन सांगता येईना. बऱ्याच जणांनी बोट दाखवलं ते नदीपलीकडच्या न्यूयॉर्कच्या उंच इमारतींकडे. म्हणजे राहायचं इथं आणि खूण पलीकडच्या शहराची.

एटापल्लीत बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याला कोरा कागद दिला तर बहुधा असंच काहीतरी उमटेल. तहसील, पंचायत समिती, बसस्थानक, भाड्याची खोली, आणि मग एक लांबलचक रेघ. आलापल्ली, आष्टी, गडचिरोली, थेट नागपूर. तीनशे किलोमीटरच्या वरची ती रेघ त्याच्या कागदावर एटापल्लीपेक्षा मोठी असते. त्याची खूण नागपुरात आहे. शनिवारची गाडी चुकली की त्याला गाव दुप्पट मोठं आणि दुप्पट रिकामं वाटतं. यात त्याचा दोष नाही. ज्याचं घर दुसरीकडे, त्याचं मनही दुसरीकडेच.

तोच कागद जंगलातल्या एखाद्या टोल्यावरून बाजाराला आलेल्या माडिया बाईला दिला तर? तिची वाट उलट्या बाजूनं सुरू होते. आधी पायवाट, नाला, मग डांबरी सडक, मग एटापल्ली. पावसाळ्यात तो नालाच तिच्या नकाशाची कड असतो, तो भरला की पलीकडचं शहर नसल्यातच जमा. शेजारच्या तालुक्यात भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की अख्खं तालुक्याचं गावच तुटतं, हे तर दरवर्षी पेपरात येतं. तिच्या एटापल्लीत तहसील कचेरी असते, पण भीतीच्या रंगात. दवाखाना असतो. मोहफुलं, चारोळी, डिंक विकत घेणारं दुकान असतं. मीठ, तेल, कपडा, पोरांच्या चपला मिळतात ती दुकानं असतात. आणि एखादं असं दुकान असतं की जिथल्या ओट्यावर सामान ठेवून दुपारभर बसलं तरी कुणी ऊठ म्हणत नाही. शहरी माणसाच्या नकाशात तो ओटा येणारच नाही. तिच्या नकाशात तो ठळक असतो.

आता तिसरा कागद. धंद्या-नोकरीच्या निमित्तानं कधीकाळी या भागात आलेल्या एखाद्या मुस्लिम घरातल्या माणसाचा. कुणाचं कापडाचं दुकान, कुणाचं शिवणाचं मशीन, कुणाचा पंक्चरचा कंप्रेसर, कुणी ड्रायव्हर, कुणी मास्तर. घरात हिंदी-उर्दूचं मिश्रण, दुकानात मराठी, गिऱ्हाइकाशी तोडकी-मोडकी माडिया, आणि सिरोंचा-अहेरीकडचा माणूस आला की दोन शब्द तेलुगूचे. अकरा महिने त्याचा नकाशा दुकानदाराचाच असतो. उधारी कुठं आहे, माल कुठून येतो, ट्रान्सपोर्टची गाडी कुठं थांबते. रमजानच्या चंद्राबरोबर तो कागद बदलतो. दुपारी तीननंतर पाय आपोआप सावलीच्या बाजूनं चालतात. चहाची टपरी, जी रोजची बसायची जागा, ती महिनाभर नुसती ओलांडायची जागा होते. टपरीवाल्यालाही ते ठाऊक असतं. ‘चाचा, आज किती वाजता सुटणार?’ एवढंच तो विचारतो, आणि संध्याकाळी भज्यांचा घाणा थोडा आधी काढून ठेवतो. फळांच्या गाडीवर खजुराची पाकिटं दिसू लागतात. एरवी ज्या गल्लीत साडेआठला दिवा मालवतो, तिथं तरावीह संपेपर्यंत जाग राहते.

लिंचच्या पाच शब्दांत हे सगळं बसत नाही. त्याच्या नकाशात जागा होती, वेळ कमी होती. गाव तेच असतं, पण सकाळी सातचं, दुपारी दोनचं आणि रात्री दहाचं गाव ही तीन वेगवेगळी गावं असतात. रोजेदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. भूक आणि तहान लागलेली असली की घरापर्यंतचे चारशे पावलांचे अंतर किती लांब असतं, हे त्याचे पायच सांगतात.

आणि इथं तर महिनाही ऋतूंमधून चालत असतो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१८ आणि २०१९ साली तो मे महिन्यात आला होता. एटापल्लीत मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसं पहाटे जंगलात, दुपारी घरी पुडे बांधण्यात, संध्याकाळी फळीवर. ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात. तेव्हाचे रोजे आणि तेव्हाचं गाव, दोन्ही तापलेले. २०२५ साली रमजान मार्चमध्ये आला आणि मोहाच्या हंगामाशी त्याची गाठ पडली. मोहाचं फूल रात्री सुटतं आणि पहाटेपर्यंत टपटपत राहतं. गुरं आणि जंगलातली जनावरं यायच्या आत ते वेचावं लागतं. म्हणून उजाडायच्या आधीच बाया-पोरं टोपल्या घेऊन, हातात बॅटरी किंवा कंदील घेऊन झाडाखाली पोचतात. गावात त्याच वेळी सेहरीसाठी चुली पेटलेल्या. दोन वेगळ्या कारणांनी जागी असलेली माणसं एकाच अंधारात वावरतात. गावाच्या कडेला राहणाऱ्या घरांना त्या बॅटऱ्यांचे हलते ठिपके खिडकीतून दिसतात.

जागेबद्दल माणसाला काय वाटतं, यात भीतीचाही वाटा असतो. एटापल्ली तालुक्यात ती कमी नव्हती. माओवाद्यांची दहशत, पोलिसांची नाकी, संध्याकाळनंतर सुनसान होणारे रस्ते, बंदच्या पत्रकांमुळे न सुटणाऱ्या गाड्या. कित्येक वर्षं इथल्या माणसाचा नकाशा अंधार पडला की आकसायचा. अमुक नाल्याच्या पुढं सहानंतर जायचं नाही, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. गेल्या काही वर्षांत ती भीती ओसरत गेली. तिच्या जागी दुसरी आली आणि तिला चाकं आहेत.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. तिथं २०१६ मध्ये खाणकाम सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली कित्येक वाहनं जाळली आणि काम थंडावलं. २०२१ पासून ते पुन्हा जोरात सुरू झालं. खनिज भरलेले ट्रक एटापल्लीहून आलापल्लीकडे धावू लागले. जो रस्ता गावाचा होता तो खाणीचा झाला. रोजगार आला, भाड्याच्या खोल्यांचे दर वाढले, हॉटेलं वाढली, दुकानांत गिऱ्हाईक वाढलं. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अपघात, खड्डे, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात लाल धूळ, हेही तितकंच खरं आहे. त्याविरुद्ध मोर्चे निघाले, चक्काजाम झाले, बातम्या छापून आल्या.

बातमीत न येणारी गोष्ट वेगळी आहे. लिंच ज्याला वाट म्हणतो तीच वाट एका क्षणी कड होते. पूर्वी रस्त्याच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं घर समोरासमोर होतं. इफ्तारची ताटली झाकून पोरीच्या हाती द्यायची आणि ‘जा, समोरच्या मावशीकडे देऊन ये’ म्हणायचं. आता आई स्वतः दारात येते, दोन्ही बाजूंना बघते, मग पोरीचा हात धरून पलीकडे जाते. किंवा जात नाही. अंतर तेवढंच, वीस-पंचवीस पावलांचं. शेजार मात्र दूर गेला. मोजपट्टी लावून हे नुकसान कुणाला दाखवता येणार नाही. रस्त्यातला काटा, दगड, वाटसरूला इजा करणारी कुठलीही वस्तू बाजूला करणं हासुद्धा सदका आहे, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. रमजानच्या बयानात ते हमखास ऐकायला मिळतं. दगड एका माणसाला उचलता येतो. पंचवीस-तीस टनांची रांग कुणी उचलायची, हा प्रश्न सदक्याचा राहत नाही, तो कारभाराचा होतो.

बाईच्या बाजूनं पाहिलं तर नकाशा आणखी लहान होतो. या बाबतीतलं महत्त्वाचं काम महाराष्ट्रातच, मुंबईत झालं आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २००३ ते २००६ या काळात ‘पुकार’ या संस्थेच्या प्रकल्पातून मुंबईतल्या सार्वजनिक जागांमध्ये बाया कशा वावरतात याचा अभ्यास केला. त्यावरचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली आलं. त्यांचं निरीक्षण साधं आणि अचूक होतं. मुंबईसारख्या तुलनेनं सुरक्षित समजल्या जाणाऱ्या शहरातही बाई रस्त्यावर असते ती काहीतरी कामानिमित्त. हातात पिशवी, कानाला फोन, पावलांना घाई. मी उगाच उभी नाही, हे ती सतत सिद्ध करत असते. पुरुष मात्र नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. बाईलाही विनाकारण उभं राहण्याचा, रेंगाळण्याचा हक्क हवा, असं त्या तिघी म्हणतात. मुंबईतल्या मुस्लिम बायकांबद्दलही त्यात लिहिलं आहे. आपल्या मोहल्ल्यात ओळखीमुळे धीर असतो आणि त्याच ओळखीमुळे पहाराही असतो. परक्या वस्तीत पहारा नसतो, पण बुरख्याकडे बघणाऱ्या नजरा असतात.

रमजानच्या रात्री यात थोडी फट पडते. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो की नागपूरचं मोमिनपुरा, रात्री अकरा-बाराला लेकराबाळांसह बाया रस्त्यावर असतात. कारण सांगायला निमित्त असतं: खरेदी आहे, ईद आलीय, फालुदा खायचाय. निमित्तच आहे ते, पण त्याच्या आडोशानं महिनाभर रात्रीचं शहर बायकांनाही मिळतं. एटापल्लीत मोमिनपुरा नाही. इथं ते फार फार तर तरावीहच्या वेळात एकमेकींच्या अंगणात बसण्याइतकं असतं. ईदच्या चार दिवस आधी बांगड्या आणि कापडाच्या दुकानात जरा जास्त वेळ लागतो, एवढंच. माडिया बाया मात्र बाजारात मोकळेपणानं बसतात, आपसांत हसतात, सौदा करतात. बाकीच्या समाजांतल्या बायकांनी त्यांच्याकडे बघून हेवा करावा अशी ती गोष्ट आहे. गावातल्या पुढाऱ्यांनी विकासाच्या गप्पा मारताना हा मोकळेपणा टिकेल की जाईल याचा विचार केलेला दिसत नाही. नव्या काँक्रीटच्या गाळ्यांत माणूस वस्तू घेतो आणि निघतो, तिथं बसता येत नाही.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? नगरपंचायत झालेल्या गावाचा विकास आराखडा होतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे आधी सर्वेक्षण होतं आणि सध्या कुठली जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा नकाशा तयार होतो. घरं पिवळ्या रंगात, दुकानं निळ्यात, अशी काहीतरी रंगांची भाषा त्यात असते. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवतात. लोकांनी बोलायची जागा तीच. पण त्या नकाशात रंग भरणारा माणूस जे बघत नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते उद्या रस्ता रुंदीकरणात उडालं तर कुणाला विचारायचं?

हा नुसता संशय नाही. मुंबईसारख्या महानगरात, एवढी यंत्रणा हाताशी असताना, हे घडलं. २०३४ पर्यंतच्या मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोक हादरले. असलेल्या वास्तू नकाशात नव्हत्या, वारसा इमारती चुकीच्या दाखवलेल्या, प्रार्थनास्थळं, शाळा, रस्ते यांचे घोळ. पासष्ट हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून नव्यानं आणायला सांगितलं. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी मिळता मिळता २०१८ उजाडलं. त्या हरकती कुणी लिहिल्या? वास्तुरचनाकारांनी लिहिल्या, तशा रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या सामान्य माणसांनीही लिहिल्या. ‘इथं आमची शाळा आहे, तुम्ही मोकळी जागा दाखवलीत’ असं सांगायला पदवी लागत नाही.

उलट उदाहरण चंद्रपूरचं. तिथल्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर ही दरवाजांची नावं चंद्रपूरकराच्या तोंडात पत्ता सांगताना रोज असतात. परकोट मात्र झुडपांनी आणि कचऱ्यानं गिळला होता. ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी २०१७ मध्ये तो हातानं साफ करायला घेतला आणि शेकडो दिवस ते काम चालवलं. नाव लोकांच्या जिभेवर राहिलं होतं म्हणून भिंत पुन्हा सापडली, असं म्हणायला हरकत नाही.

एटापल्लीला असा परकोट नाही. तिच्या खुणा एखादं मोहाचं झाड, बसस्थानकासमोरची सावली, दुकानाचा ओटा, अमक्या चाचांच्या मशीनची जागा अशा आहेत. पत्ता विचारला तर आजही इथला माणूस प्रभाग क्रमांक सांगत नाही. ‘तिथून सरळ जा, कडुनिंबाचं झाड लागते, तिथं विचारा’ म्हणतो. ‘तिथं विचारा’ हाही त्या पत्त्याचाच भाग असतो. म्हणजे तिथं कुणीतरी बसलेलं असणार, आणि ते सांगणार, हे गृहीत.

शाळेतल्या पोरांना एक तास कोरे कागद देऊन आपलं गाव काढायला लावणं एवढं तरी होऊ शकतं. केविन लिंचनं पुढे युनेस्कोच्या मदतीनं पोरांबरोबर असंच काम केलं. त्याच धर्तीवर नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या एका गरीब वस्तीतही ते झालं. तिथली पोरं अपुऱ्या पाण्याच्या, दाटीच्या वस्तीत राहत होती, तरी आपल्या जागेबद्दल भरभरून बोलली. कारण खेळायला सवंगडी होते आणि वस्तीत सगळे ओळखीचे होते. वाईट काय आहे ते तर त्यांनी सांगितलंच, पण काय मोडू नये तेही सांगितलं. एटापल्लीच्या पोरांच्या कागदावर ट्रक किती मोठे निघतील, ओटा कुठं निघेल, जंगल गावाच्या आत निघेल की बाहेर, हे मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जायला हवं. नगररचनाकाराच्या रंगीत नकाशाशेजारी, हरकतीच्या अर्जासारखंच, आवक क्रमांक घालून.

सव्वासहा वाजत आलेले असतात. शिवणाचं मशीन थांबतं, शटर अर्ध्यावर येतं. टपरीवरचा पोरगा कागदात बांधलेली गरम भजी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो. एक ट्रक जातो. दुसरा जातो. तिसऱ्यानंतर थोडी जागा दिसते तसा तो धावत पलीकडे येतो आणि म्हणतो, ‘घ्या चाचा, टाइम झाला.’